'कलिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

नवापूरकर: बर्ड फ्लू आला तर पोल्ट्रीवाल्यांनी काय करायचं याचं पत्रक मराठीत करतोय, 'कलिंग'वर (culling, म्हणजे कोंबड्या मुद्दाम मारून काढून टाकणं) अडलोय. मी 'कत्तल' लिहिलं तर साहेब म्हणे भडक वाटतं, 'शास्त्रोक्त विल्हेवाट' करा. पण विल्हेवाट मेलेल्याची लावतात ना, इथे कोंबडी चांगली जिती असते.

जुनंपान: विल्हेवाट म्हणजे मुळात व्यवस्था लावणं, जुन्या लिखाणात मालमत्तेची, वादाचीही लागते. साहेब अगदीच चूक नाहीत. कत्तल मात्र अरबी. 'संहार' घ्या.

तापीकाठ: संहार काय, कोंबड्या राक्षस आहेत का? २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरलाच निघाला, तेव्हा आमचे मामा शेडवर कामाला होते, माना मुरगाळायच्या, पोत्यात भरायचं, खड्ड्यात टाकायचं. ते अजूनही 'कोंबड्या मारल्या' एवढंच म्हणतात. पेपरात मात्र 'पक्षी नष्ट केले', जशी काही जुनी रद्दी.

लेयरवाला: भाऊ, कलिंग फक्त रोगाचं नसतं. लेयर, म्हणजे अंड्यांची कोंबडी, ७२-८० आठवड्यांची झाली, अंडी घटली की लॉट काढतात, तेही कलिंगच. आम्ही सरळ 'माल काढला' म्हणतो. पिंजऱ्यात एकीला ए-फोर कागदाएवढीही जागा नसते हे मलाही दिसतं हो, पण अंडं स्वस्त पाहिजे सगळ्यांना, २०१७ ला विधी आयोगाने पिंजऱ्यांवर अख्खा अहवाल दिला, रेट कोण वाढवून देणार ते नाही सांगितलं.

जुनंपान: लेयर, लॉट, रेट! आणि मांसाच्या कोंबडीला लोक तर 'बॉयलर' म्हणतात. निदान ब्रॉयलर तरी म्हणा.

तापीकाठ: आमनाकडे बॉयलरच म्हणतस. आणि ब्रॉइल म्हणजे भाजणं, म्हणजे पिल्लू अंड्यातून निघायच्या आधीच नावात चूल. विल्हेवाटीपेक्षा प्रामाणिक शब्द आहे.

बोदवडची: आणि गावरान? बाजारात गावरान म्हणून गिरिराज नाहीतर वनराज या सुधारित जातींची कोंबडी देतात, तीही शेडातच वाढलेली. पिसं रंगीत दिसली की दुप्पट भाव. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात कुणाला कळतंय.

लेयरवाला: कळतं ताई. गावरान शिजता शिजत नाही. बॉयलर ४० दिवसांत दोन किलो होतो, हाडसुद्धा चमच्याने तुटतं.

नवापूरकर: मंडळी, पत्रक सोमवारी द्यायचंय.

जुनंपान: हो हो, पण 'गावरान' की 'गावठी'?

बोदवडची: गावठी म्हटलं की आमच्याकडे दारू आणतात.