१.२५ ला ०.३९४४ की ०.८९४४? झेड टेबलबद्दल मदत हवी आहे

बी.कॉम.ला स्टॅटिस्टिक्स आहे. प्रोजेक्टसाठी मामाच्या गुऱ्हाळावर (करवीर तालुका) एक किलोच्या ६० भेल्या वजन केल्या. सरासरी १०१० ग्रॅम, प्रमाण विचलन ८ ग्रॅम. भेली १००० ग्रॅमच्या आत भरण्याची संभाव्यता काढायची आहे.

झेड (सरासरीपासून किती प्रमाण विचलनं लांब) = (१००० − १०१०) ÷ ८ = −१.२५. इथवर जमलं. पण पुस्तकामागच्या टेबलात १.२५ समोर ०.३९४४ आहे, मैत्रिणीच्या मोबाईलवरच्या टेबलात ०.८९४४, आणि एक्सेल म्हणतंय ०.१०५६. काय कळंना झालंय.

शिवाय १००० ते १०१४ च्या मधलं हवंय. १०१४ चा झेड ०.५, त्याला पुस्तकात ०.१९१५. वजाबाकी केली तर ०.२०२९ येतंय. पण निम्म्याहून जास्त भेल्या त्यातच आहेत की!

प्रतिसाद १
तिन्ही आकडे बरोबर आहेत, मोजलेला तुकडा वेगळा आहे. आधी नॉर्मल वितरणाचं घंटेसारखं चित्र काढ, मग टेबल उघड. पुस्तकातलं टेबल मधल्या रेघेपासून (म्हणजे सरासरीपासून) झेडपर्यंतचा भाग देतं. मोबाईलवरचं डाव्या टोकापासूनचा सगळा देतं, म्हणजे त्यात आणखी ०.५. तुला हवंय डावं शेपूट, म्हणजे १००० च्या डावीकडचा भाग: ०.५ − ०.३९४४ = ०.१०५६. १ − ०.८९४४ केलंस तरी तेच, कारण दोन्ही बाजू सारख्या.
दुसऱ्यात एक झेड उणे, एक अधिक. मधल्या रेघेच्या दोन बाजूंना आहेत, म्हणून बेरीज: ०.३९४४ + ०.१९१५ = ०.५८५९. दोन्ही एकाच बाजूला असते तरच वजाबाकी.
टेबलाच्या डोक्यावर छोटं चित्र असतं, कुठला भाग रंगवलाय ते. ते कुणी बघतच नाही.

प्रतिसाद २
गणित ठीक, पण कमी भरलेल्या भेलीला वरून गूळ लावतात का? लावत असतील तर डावं शेपूटच कापलं जाईल, मग नॉर्मल कुठलं? ६० × ०.१०५६ म्हणजे सहाएक भेल्या हलक्या निघायला हव्यात. वहीत बघ.

धागाकर्ती
वही बघितली, बरोब्बर ६! मामांना विचारलं. एरवी लावतात म्हणे, पण त्या दिवशी काटा माझ्याकडं अडकला होता.