मदत हवी आहे: चपलांच्या दुकानात वायरलेस स्टॉक मोजणी, बारकोड पुरेल की आरएफआयडी घ्यावं?

चपलेचा व्यापारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात महाद्वार रोडजवळ आमचं चपलांचं दुकान आहे. निम्मा माल कोल्हापुरी, निम्मा कंपन्यांचा. दुकानावर पोटमाळा आहे आणि शाहूपुरीत एक गोडाऊन. स्टॉक आजही वहीवर घेतला जातो आणि नंतर कुणीतरी बसून तो टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढवतो. मार्चअखेरीला दुकान बंद ठेवून सगळी पोरं कामाला लावली तरी मेळ बसत नाही, कारण वहीतला आकडा कॉम्प्युटरवर जाईपर्यंत विक्री पुन्हा सुरू झालेली असते. आता वायरलेस स्कॅनर घ्यायचं घरात ठरलंय. पण विकायला येणारा प्रत्येकजण आपलंच यंत्र बरोबर म्हणतो, म्हणून प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना विचारतोय.

कंपनीच्या मालाचं सोपं आहे. खोक्यावर बारकोड असतो, त्यात नंबर आणि रंग दोन्ही कळतात. खरी अडचण कोल्हापुरीची. कारागिरांकडून माल येतो तो जोड बांधून, ना खोकं ना लेबल. कापशी, पायताण, बक्कलनाली, पुकारी असे प्रकार, प्रत्येकात नंबर वेगळे, रंग वेगळे, वेणी वेगळी. लिडकॉमनं (राज्याच्या चर्मोद्योग महामंडळानं) २०२५ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन असलेल्या चपलांसाठी क्यूआर कोड आणला ती फार चांगली गोष्ट झाली, पण तो चप्पल अस्सल आहे आणि कुठून आली हे गिऱ्हाइकाला सांगण्यासाठी आहे. माझ्या पोटमाळ्यावर ८ नंबरची कापशी किती उरली हे मला त्यातून कळत नाही. शिवाय शोकेसमध्ये एकाच पायाची चप्पल असते, दुसरी आत कुठंतरी. मोजताना एक माणूस ती बाहेर धरतो, दुसरा आत धरतो, आणि एकाच जोडाचे दोन होतात.

दुसरी गोष्ट पुराची. २०१९ आणि २०२१ मध्ये शाहूपुरीची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी इशारा पातळीला, म्हणजे ३९ फुटांवर गेलं, की आम्ही माल उचलायला लागतो. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत बसलं तर टेम्पोसुद्धा मिळत नाही. त्या घाईत कुठला गठ्ठा कुठं गेला याची नोंद राहत नाही, आणि पुढचे कित्येक महिने दुकानात "माल आहे, पण सापडत नाही" हेच चालतं. त्यामुळं मला नुसता आकडा नको, जागाही कळायला हवी.

ब्लूटूथ स्कॅनर, वायफायवरचं हँडहेल्ड (स्क्रीन असलेलं हातातलं स्कॅनर यंत्र), की थेट आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचले जाणारे टॅग)? आमच्यासारख्या दुकानाला काय झेपेल?

गांधीनगरकर

आमचं कापडाचं दुकान आहे, म्हणून माल वेगळा, पण त्रास तोच.

ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक कीबोर्डसारखा चालतो. जो कोड वाचला तो कॉम्प्युटरवर कर्सर असेल तिथं टाइप होतो. काउंटरवर बिल करायला झकास. पण साध्या स्कॅनरचा पल्ला साधारण १० मीटर धरा, मधे भिंत आली की त्याहून कमी. पोटमाळ्यावरून खालच्या कॉम्प्युटरला जोडून मोजणी करायला गेलात तर मधले कोड गळतात आणि पोरांना ते कळतही नाही. काही स्कॅनरमध्ये मेमरी मोड असतो: आधी सगळं यंत्रात साठवायचं, मग खाली येऊन एकदम पाठवायचं. गोडाऊनला नेट नसेल तर हा मार्ग चांगला आहे.

रोजच्या कामाला मात्र वायफायवर चालणारं अँड्रॉइड हँडहेल्ड घ्या. मोजणारा आधी रॅकवरचं लेबल स्कॅन करतो, मग त्या रॅकवरचा माल. जागेची नोंद आपोआप होते, म्हणजे पुराच्या वेळी टेम्पोत चढवताना आणि उतरवताना एकेकदा स्कॅन केलं की गठ्ठा कुठं आहे ते कळेल. फक्त जुन्या वाड्याच्या भिंती असतील तर वायफायवर आधी खर्च करा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असलं तरी जाड भिंतीपलीकडं दमतं, २.४ जास्त लांब जातं. रिपीटरच्या (आलेला सिग्नल पुढं ढकलणाऱ्या यंत्राच्या) नादाला लागू नका, वरच्या मजल्यावर केबल ओढून वेगळा अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) बसवा.

आणि मोजणाऱ्याच्या स्क्रीनवर कॉम्प्युटरमधला आकडा अजिबात दिसू देऊ नका. दिसला की माणूस तोच आकडा भरतो. मोजणी कोरी व्हायला हवी, फरक नंतर मालकानं बघायचा.

रेडिओवाला

आरएफआयडीबद्दल लिहितो. किणी टोल नाक्यावर काचेवरचा फास्टॅग वाचला जातो तेच हे तंत्र. टॅगला बॅटरी नसते, रीडरच्या लहरींतूनच त्याला ऊर्जा मिळते. बारकोड एकेक समोर धरावा लागतो. इथं रीडर रॅकसमोरून फिरवला की काही मीटरमधले टॅग एकदम वाचले जातात. प्रत्येक टॅगचा क्रमांक वेगळा, त्यामुळं तोच जोड दहादा वाचला तरी एकदाच धरला जातो. दुहेरी मोजणीवर याहून पक्का उपाय नाही.

पण दोन गोष्टी बघून घ्या. तुमचे रॅक लोखंडी असतील तर धातूला चिकटलेला साधा टॅग वाचला जात नाही. आणि लहरी पातळ पार्टिशनपलीकडं जातात, म्हणजे पोटमाळा मोजताना खालच्या दुकानातले जोडही यादीत येतील. रीडरची ताकद कमी करून, एकेक भाग वेगळा मोजावा लागतो. जागा नेमकी कळणं ही तुमची मोठी गरज आहे आणि तिथं रॅकचा बारकोडच जास्त खात्रीचा.

बाहेरून स्वस्त रीडर मागवू नका. आपल्याकडं यासाठी २००५ पासून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना खुला झाला, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. अमेरिकेतली यंत्रं ९०२ ते ९२८ वर चालतात, आणि त्यातल्या काही भागात आपल्याकडं मोबाइलचं नेटवर्क आहे. ते यंत्र इथं वापरणं बेकायदेशीर ठरेल. घेताना भारताचा पट्टा आणि सरकारी मान्यता आहे का हे लेखी विचारा.

चपलेचा व्यापारी

दोघांचेही मनापासून आभार. रॅक लोखंडीच आहेत. कोल्हापुरीला तेल लावलेलं असतं, त्यावर स्टिकर टिकत नाही. मग लेबल लावायचं कुठं? आणि एका पायाच्या चपलेचं काय?

गांधीनगरकर

चपलेच्या अंगठ्यात दोऱ्यानं जाड कागदाचा टॅग बांधा. तो फक्त उजव्या पायाला बांधायचा आणि मोजताना उजवाच पाय धरायचा, हा नियम भिंतीवर लिहून लावा. उजवा शोकेसमध्ये असेल तर जोड शोकेसमध्ये मोजला जाईल, आत असेल तर आत. डाव्या पायाच्या तळाला नुसता नंबर लिहून ठेवा. कोड कारागिराप्रमाणे करू नका, प्रकार, नंबर आणि रंग एवढ्यावरच करा. नाहीतर कोडांचीच वही करावी लागेल.

जमाखर्च

हिशोबाच्या बाजूनं थोडं. जीएसटीच्या नियम ५६ प्रमाणं मालाची आवक-जावक ठेवावी लागतेच, त्यात हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला मालही वेगळा दाखवायचा असतो. आणि कलम १७(५) नुसार अशा मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं. म्हणून मोजणीत कमी आलेला जोड टॅलीत फिजिकल स्टॉक व्हाउचर (प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याची नोंद) टाकून नुसता सरळ करून मोकळं होऊ नका. आधी कारण शोधा: चुकीच्या नंबरवर बिल झालंय, की खरंच माल गेलाय? कारण लिहून ठेवलं तर विमा कंपनीपुढंही उपयोगी पडतं. पुरानंतर स्टॉकचा पुरावा मागतात तेव्हा भिजलेली वही चालत नाही, म्हणून डेटाची एक प्रत शाहूपुरीबाहेर हवीच.

वर्षातून एकदा सगळं मोजण्यापेक्षा दररोज एक रॅक घ्या. जास्त खपणारे नंबर वारंवार, कमी खपाचे क्वचित. दुकान बंद ठेवायची गरज उरत नाही, फक्त तो रॅक मोजून होईपर्यंत त्यातला जोड विकू नका.

चपलेचा व्यापारी

हे पटलं. बारकोड आणि वायफाय हँडहेल्डनं सुरुवात करतोय, पहिल्यांदा गोडाऊनचे रॅक. आरएफआयडी आत्ता नको, पण शोकेसमधल्या महागड्या जोडांसाठी पुढं विचार आहे.

आता एकच राहिलं. दोऱ्याच्या टॅगवर थर्मल प्रिंट केलेला बारकोड तेलाच्या हातानं आणि उन्हानं पुसट होतो असं ऐकलंय. रिबनवाल्या (रिबनवरची शाई कागदावर उमटवणाऱ्या) प्रिंटरनं तो टिकतो का? चामड्याच्या मालावर कुणी वापरला असेल तर कृपया सांगा, प्रिंटर घ्यायचा अजून बाकी आहे.