स्वतःच्या गॅरेजसाठी हत्यारांचा पहिला संच: ४०,००० रुपयांत काय घ्यावे? (नाशिक)

पाथर्डी_फाटा
नमस्कार. द्वारका परिसरातील एका गॅरेजमध्ये बरीच वर्षे काम केल्यानंतर आता पाथर्डी फाट्याजवळ भाड्याने गाळा घेऊन मी स्वतःचे काम सुरू करत आहे. आजवर सर्व हत्यारे मालकांची होती, त्यामुळे कोणते हत्यार किती दिवस टिकते हे मला ठाऊक असले तरी ते विकत घेण्याची वेळ कधी आली नाही. माझ्याकडे येणारी कामे ठरलेली आहेत: तेल व फिल्टर बदलणे, ब्रेक पॅड आणि लायनर, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, क्लच प्लेट, सेल्फ आणि अल्टरनेटर. गाड्या बहुतांश मारुती आणि ह्युंदाईच्या असतात. द्राक्षांच्या हंगामात बागायतदारांच्या पिकअपही येतात.

ट्रॉली जॅक आणि मल्टिमीटर माझ्याकडे आहेत. हातच्या हत्यारांसाठी ४०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. गोटी पान्यांची (सॉकेटची) मोठी पेटी एकदम घ्यावी की सुटी हत्यारे जमवावीत, आणि लहान गॅरेजला टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर आला की टक् वाजून सांगणारा पाना, खरोखर लागतो का, एवढेच दोन प्रश्न आहेत. लिफ्ट, कॉम्प्रेसर आणि स्कॅनर यांचा विचार पुढच्या वर्षी करणार असल्याने कृपया ते सुचवू नयेत.

गंगापूर_रोड_मोटर्स
आपण लिफ्ट नको म्हणालात तरी सांगतो, की दोन खांबी लिफ्ट नसलेल्या गॅरेजमध्ये आजचा ग्राहक गाडी ठेवायला कचरतो. आम्ही लिफ्ट बसवल्यापासून क्लचचे काम निम्म्या वेळेत होऊ लागले असून कारागिराच्या पाठीचे दुखणेही थांबले आहे. ४०,००० रुपये पान्यांत घालवण्यापेक्षा त्यात कर्जाची भर घालावी आणि एकदाच मोठा खर्च करून मोकळे व्हावे. पाने काय, हळूहळू जमतातच.

सातपूर_टूलरूम
भाड्याच्या गाळ्यात लिफ्टचे खांब रोवण्यासाठी काँक्रीटची जाडी किती आहे आणि मालक परवानगी देतो का, हे आधी पाहावे लागते. तेव्हा तो विषय बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे वळतो. मी कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली आहे, म्हणून पोलादाविषयी थोडे अधिकाराने लिहितो.

पेटी घेऊ नये. पेटीत गोट्यांची संख्या मोठी दिसावी म्हणून ११, १५, २० अशा आकारांची भरती केलेली असते आणि ती आपल्या कामात वर्षानुवर्षे डब्यातच राहतात. जपानी आणि कोरियन धाटणीच्या गाड्यांत ६ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टला १० चा पाना लागतो, ८ ला १२ चा, १० ला १४ चा आणि १२ ला १७ चा. म्हणजे मारुती आणि ह्युंदाईवर आपले बहुतेक काम १०, १२, १४, १७ आणि १९ या पाच आकारांत संपते. ह्युंदाईच्या चाकांच्या नटांसाठी २१ ची एक गोटी वेगळी ठेवावी. युरोपीय धाटणीच्या गाड्यांत ८ च्या बोल्टला १३ चा पाना लागतो आणि पिकअपवरही १३ बऱ्याचदा लागतो, म्हणून तोही असावा.

या आकारांच्या गोट्या सहा कोनी घ्याव्यात, बारा कोनी नव्हे. बारा कोनी गोटी पटकन बसते हे खरे, परंतु ती नटाच्या कोपऱ्यांवरच जोर देते, आणि गंजलेल्या लिंक रॉडचा नट एकदा गोल झाला की छिन्नी किंवा ग्राइंडरशिवाय गत्यंतर राहत नाही. सहा कोनी गोटीचा दाब नटाच्या सपाट बाजूंवर पडतो. रोजच्या आकारांत उथळ आणि खोल अशा दोन्ही गोट्या असाव्यात, कारण लिंक रॉडच्या बाहेर आलेल्या आट्यांवर उथळ गोटी पुरत नाही.

कोणत्या कंपनीच्या घ्याव्यात, यावर माझे मत नाशिककराचे आहे. तपारिया ही कंपनी १९६९ पासून स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारे बनवू लागली आणि तिचा कारखाना आपल्याच सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. रिंग पाने, दुतोंडी पाने, पक्कड आणि पेचकस तिथलेच घ्यावेत. रॅचेट (गोटी एकाच दिशेने फिरवणारा दातेरी दांडा) मात्र हातात धरून, फिरवून आणि दात मोजूनच घ्यावे. दात जितके अधिक, तितके अरुंद जागेत कमी फिरवावे लागते.

नाशिकरोड_हौशी
मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, परंतु माझ्या गाडीची सर्व कामे इमारतीच्या वाहनतळात स्वतः करतो आणि त्यासाठी दोनशेहून अधिक नगांची पेटी ऑनलाइन सवलतीत घेतली आहे. त्यातील एकही नग आजवर तुटलेला नाही. पेटीला साच्याचे कप्पे असल्याने काम संपल्यावर कोणती गोटी इंजिनच्या खोबणीत राहिली हे एका नजरेत कळते, आणि हा लाभ सुट्या गोट्यांना कधीही मिळणार नाही. वरील सदस्यांनी पेट्यांविषयी सरसकट लिहिलेले मत मला अन्यायाचे वाटते.

सातपूर_टूलरूम
महिन्यातून एखाद्या रविवारी निघणारी पेटी आणि दिवसभर ग्रीसमध्ये बुडालेली पेटी यांची तुलना होऊ शकत नाही, एवढेच नम्रपणे सांगतो.

इंदिरानगर_ऑटो_इलेक्ट्रिक
सर्वजण पान्यांवर बोलत आहेत, परंतु १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ मानक लागू झाल्यावर येणाऱ्या गाडीत डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा पेटला, तर आपण पाना घेऊन काय करणार आहात? स्कॅनर पहिल्याच दिवशी हवा. मी सुमारे ६०,००० रुपयांचा घेतला आणि तो खर्च लवकर वसूल झाला. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे स्वस्त यंत्र फक्त इंजिनचे कोड दाखवते; एबीएस किंवा एअरबॅगपर्यंत ते सहसा पोहोचत नाही.

जुना_फोरमन
स्कॅनर कोड दाखवतो, कारण दाखवत नाही. पी०३०१ आला म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे एवढेच समजते. दोष प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा की कम्प्रेशनचा हे माणसालाच शोधावे लागते. कॉइलची अदलाबदल करून कोड पी०३०२ झाला, तर कॉइल गेली. यासाठी १० ची गोटी आणि डोके पुरते. आणि या भावाने स्कॅनर सुचवू नका असे स्पष्ट लिहिले आहे, ते वाचण्याची तसदी घ्यावी.

टॉर्क पान्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो लागत नाही. मी आयुष्यभर हाताच्या अंदाजाने नट आवळले. कामात मुरलेल्या हाताला बोल्ट कुठे बसला आणि कुठे ताणला जाऊ लागला हे कळते. नव्या मुलांना तो टक् असा आवाज ऐकल्याशिवाय चैन पडत नाही.

कसारा_घाट
फोरमनकाकांविषयी आदर राखून असहमती नोंदवतो. माझा व्यवसाय प्रवासी गाड्यांचा असून गाड्या मुंबईला सतत जातात. एका गाडीची चाके बाहेरच्या दुकानात इम्पॅक्ट गनने आवळली गेली आणि त्यानंतर कसारा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागले. नट असमान आवळले गेले, तर डिस्क हबवर तिरपी बसते, ती पॅडवर एकाच जागी घासत राहते आणि पुढे जाडीत फरक पडून थरथर सुरू होते. त्या दुकानदाराने ब्रेक पॅड निकृष्ट असल्याचे सांगून हात झटकले, आणि नव्या डिस्कचा खर्च मला सोसावा लागला.

लहान गाड्यांच्या चाकांचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरला आवळायचे असतात. चाळीस सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे पंचवीस किलोचा जोर दिला की जवळपास १०० न्यूटन मीटर होतात. हे हाताला जमते, हे मान्य; परंतु पाचव्या गाडीनंतर थकलेल्या हाताला, किंवा दांड्यात पाइप अडकवून आवळणाऱ्या हेल्परला ते जमेलच असे नाही. म्हणून अर्धा इंची टॉर्क पाना घ्यावा, आणि नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळावेत.

जुना_फोरमन
दांड्यात पाइप अडकवणारा हेल्पर ठेवला, तर दोष टॉर्क पाना नसण्याचा की मालकाचा?

सिन्नर_एमआयडीसी_मेंटेनन्स
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु दोघेही चाकांवरच अडकले आहेत. आट्यांचे खरे नुकसान चाकात नव्हे, तर ॲल्युमिनियममध्ये होते. तेलाच्या पॅनचा ड्रेन बोल्ट अनेक लहान गाड्यांत ३५ न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचा असतो आणि १४ मिलिमीटर आट्यांचा स्पार्क प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ला. अर्धा इंची टॉर्क पान्याची मोजपट्टी बहुधा ४० च्या आसपास सुरू होते, म्हणजे जिथे आटे जाण्याची भीती सर्वाधिक, नेमका तिथेच तो कामाला येत नाही. ज्याचे रोजचे काम तेल बदलण्याचे आहे त्याला आधी ३/८ इंची, १० ते ६० च्या टप्प्याचा पाना हवा. पॅनचे आटे गेले की नवा पॅन किंवा हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची नवी आटी) घालणे आले, आणि त्याचे पैसे ग्राहक देत नाही.

क्लिक प्रकारच्या पान्याची अचूकता साधारण अधिक-उणे ४ टक्के धरली जाते. काम संपल्यावर त्याची स्प्रिंग मोजपट्टीच्या सर्वांत खालच्या खुणेवर सैल करून ठेवावी. नट सोडवण्यासाठी तो कधीही वापरू नये. वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर त्याची तपासणी करून घेण्याची पद्धत आहे. अंबड आणि सातपूरमध्ये कारखाने इतके आहेत, की अशी तपासणी करणारी प्रयोगशाळा शोधायला पुण्याला जावे लागणार नाही.

पंचवटी_शॉकअप
एका गोष्टीचा उल्लेख कोणीच केला नाही याचे आश्चर्य वाटते. ट्रॉली जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आतील एक सील गळू लागले की गाडी हळूहळू किंवा एकदम खाली येते. आमच्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवताना जॅक बसला आणि खाली झोपलेला मुलगा केवळ शेजारी ठेवलेल्या चाकामुळे वाचला. दोन जोड्या घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायचे स्टँड, सर्वांत आधी घ्याव्यात. त्या चासीच्या बळकट जागी लावाव्यात, नुसत्या पत्र्यावर नव्हे, आणि विटांचा ठोकळा कधीही वापरू नये, कारण वीट सूचना न देता फुटते.

शॉकअपची स्प्रिंग उतरवण्याचा कॉम्प्रेसर क्लॅम्प स्वस्तातला घेऊ नये, हेही जोडून सांगतो. दबलेली स्प्रिंग निसटली, तर ती माणसाला ठार करू शकते.

गंगापूर_रोड_मोटर्स
लिफ्ट असती तर घोड्यांचा प्रश्नच उद्भवला नसता.

आडगाव_नाका_टायर
इम्पॅक्ट गनविषयी वर जे लिहिले आहे त्याने आमच्या व्यवसायाची बदनामी होते, म्हणून खुलासा करतो. गन नट सोडवायला आणि आट्यांवर चढवायला वापरायची आणि शेवटचा जोर हाताने द्यायचा, हे प्रत्येक जबाबदार टायरवाल्याला ठाऊक आहे. मात्र गनवर काळ्या, क्रोम मॉलिब्डेनमच्या गोट्याच लावाव्यात. चकचकीत क्रोम व्हॅनेडियमची गोटी हातासाठी असते. ती गनच्या ठोक्यांनी तडकून तिचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

सातपूर_टूलरूम
गोट्यांच्या पोलादाविषयीचा हा मुद्दा बरोबर आहे. त्यात एवढेच जोडतो की काळी गोटी हाताने वापरली तरी चालते. फक्त तिची भिंत जाड असल्याने ॲलॉय चाकाच्या अरुंद खळग्यात ती अडते आणि ओरखडे पडतात.

नाशिकरोड_हौशी
माझ्या पेटीत काळ्या गोट्याही आहेत.

पाथर्डी_फाटा
सर्वांचे मनापासून आभार. काय ठरवले ते कळवतो, जरी ते इथल्या जवळजवळ कोणालाही पसंत पडणार नाही.

देवळाली कॅम्पला एक वयस्कर मिस्त्री काम बंद करत आहेत आणि त्यांनी आपली लाकडी पेटी मला देऊ केली आहे. त्यात ६ ते ३२ पर्यंतचे रिंग पाने, जुन्या पण दाताला कुठेही न घसरणाऱ्या रॅचेट, घट्ट बसलेले भाग ओढून काढण्याचे तीन पुलर, सर्क्लिप पक्कडी आणि कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलण्याचे हत्यार आहे. प्रत्येक पाना कोऱ्या बोल्टवर घालून पाहिला. दुतोंडी पान्यांपैकी काहींची तोंडे पसरली आहेत, ते त्यांनी स्वतःहून बाजूला काढले. या पेटीला १८,००० रुपये ठरले आहेत. इथे सर्वांनी नवीन घेण्याविषयीच लिहिले, परंतु हे पुलर आज नव्याने जमवायचे म्हटले तर माझा हिशेब त्यांवरच संपला असता.

उरलेल्या पैशांतून दोन जोड्या घोड्या, रोजच्या पाच आकारांच्या आणि १३ च्या सहा कोनी गोट्या, २१ ची एक गोटी, नव्या धाटणीच्या स्पार्क प्लगसाठी आत रबर असलेली १६ ची प्लग गोटी आणि ३/८ इंची लहान टॉर्क पाना घेणार आहे. अर्धा इंची टॉर्क पाना आत्ता घेणार नाही. चाकांचे नट मी ठरावीक लांबीच्या टॉमीने (गोटी फिरवायच्या दांड्याने), स्वतःच्या हाताने आवळणार आहे आणि ते काम हेल्परला देणार नाही.

कसारा_घाट
निर्णय आपला आहे, परंतु लहान टॉर्क पाना घेऊन मोठा टाळणे मला पटत नाही. निदान माझ्या गाड्या तरी तोपर्यंत आपल्याकडे येणार नाहीत.

जुना_फोरमन
देवळालीचे हे मिस्त्री कोण असावेत याचा मला अंदाज आहे आणि त्यांच्या पेटीला १८,००० रुपये अधिक नाहीत. पुलर दोन पायांचे आहेत की तीन, एवढे पाहून घ्यावे. जिथे पकड मिळते तिथे तीन पायांचा सरळ खेचतो, दोन पायांचा तिरपा होऊ शकतो. स्क्रूच्या टोकाला ग्रीस लावून वापरावा.

पाथर्डी_फाटा
काका, दोन पुलर तीन पायांचे आहेत आणि एक दोन पायांचा. त्यांतील एका स्क्रूचे टोक झिजलेले आहे. ते अंबडला लेथवर नवीन करून घेतो.