एडनची गस्त आणि शेखाडीचा किनारा
'एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध गस्त घालणारी आपल्या नौदलाची जहाजं परत बोलवा, आधी कोकणचा किनारा सांभाळा' हे म्हणणं ऐकायला बरं, पण हिशोब चुकतोय. तिथली गस्त ऑक्टोबर २००८ला सुरू झाली नि पुढच्याच महिन्यात 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून अतिरेकी मुंबईत आले, हे खरं. म्हणून युद्धनौका काय हर्णै बंदरात येऊन ट्रॉलरवाल्यांची ओळखकार्डं तपासणार? १९९३ला रायगडातल्या शेखाडीला मुंबई स्फोटांचं आरडीएक्स उतरलं ते कस्टम आणि पोलिसांतलेच काही जण फितूर होते म्हणून. (शिक्षाही झाल्यात त्यांना.) जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या झापांखाली, म्हणजे समुद्रावरचे आमचे डोळेही घरीच. त्या दिवसांत सागरी पोलिसांच्या बोटींना डिझेल नि तांडेल (बोट चालवणारा) असतो का, ते किनारा सुरक्षेच्या आढाव्यात आधी बघा.