पहिल्या वर्षाची मुलं ग्रंथालयात टिकावीत म्हणून काय करू? (बजेट १५ हजार)

तापीकाठची: शहादा भागातल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्रथम वर्षाची मुलं कार्ड करायला येतात, मग थेट परीक्षेच्या आठवड्यात. १५ हजार मिळालेत. कशावर घालू?

रावेरकर: संगणक घ्या ताई. आम्ही ६ घेतले, इन्व्हर्टरसकट अडीच लाख. पोरं हटत नाहीत.

धुळ्याचा_मास्तर: क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती घ्या. ग्रंथपेढीतून वर्षभराचा संच मिळाला म्हणून मी बीएस्सी झालो. एरवी सात दिवसांत पुस्तक परत. एकदा २२ रुपये दंड बसला, तेव्हा गावाचं तिकीट ४ रुपये होतं. अजून डाचतो.

अक्कलकुव्याची: मी पाड्यावरून आलेली. काउंटरवर म्हणाले, पुस्तक मागायच्या चिठ्ठीवर दाखल क्रमांक लिही, म्हणजे त्या प्रतीचा ग्रंथालयातला नोंदणी क्रमांक. तो कुठे असतो हेच ठाऊक नव्हतं. मागे रांग. चिठ्ठी मुठीत चुरगाळून निघून आले, दीड वर्ष पाय ठेवला नाही. मुलांना कपाटापाशी न्या, दाखवा की पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा विषय सांगतो, ५३० म्हणजे भौतिकशास्त्र, ५४० रसायन. आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश टेबलावर उघडे ठेवा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्याला इंग्रजी शब्दाचा अर्थ तिथे लागतो.

धुळ्याचा_मास्तर: आत सोडलं की पुस्तकं उलटसुलट होतात, पानं फाटतात. डोळ्यांनी पाहिलंय.

जळगावची_केळी: सर, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं १९३१ चं पहिलंच सूत्र आहे, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. फाटलं तर चिकटवू.

रावेरकर: राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय फुकट आहे, आयआयटी खरगपूरचं. त्यालाही संगणक लागतोच.

चोपडेकर: मोबाइलवर चालतं की. मुलांची नोंदणी तुम्हीच करून द्या. बाकी संगणक घ्याच.

धुळ्याचा_मास्तर: आणि जादा प्रती.

तापीकाठची: सगळ्यांचे आभार. अक्कलकुव्याच्या ताईंच्या चुरगाळलेल्या चिठ्ठीचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या काउंटरवरूनही अशा किती मुली परत गेल्या असतील. कोश कपाटात आहेतच, आजच बाहेर काढले. पैशांतून वस्तू घेत नाही. द्वितीय वर्षाच्या तीन मुली मानधनावर दारापाशी बसवते, दोघी अहिराणी बोलणाऱ्या, एक पावरी. वेळ सकाळची पहिली एसटी आली की लेक्चरपर्यंत. चिठ्ठी त्या भरून देतील, कपाटापर्यंत सोबत जातील. प्राचार्यांकडे अर्ज दिलाय.

रावेरकर: ताई, निदान एक तरी संगणक घ्या.