मदत हवी आहे: बारीक माणसाला शुगर आणि डॉ. याज्ञिकांचं संशोधन

आमचे बाबा एकदम सडपातळ, पोट म्हणून नाही, तरी शुगर निघाली आणि घरात कुणाला पटेचना. मग पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४ सालचा लॅन्सेट या वैद्यकीय मासिकातला फोटो सापडला, ते आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम २२.३ पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! बघून थक्कच झाले मी. पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांवरचं याज्ञिकांचं बी-१२ आणि फोलेट या जीवनसत्त्वांवरचं कामही वाचायचंय, कारण माझी बहीण आता चौथ्या महिन्यात आहे, शाकाहारी आहे आणि तिचं बी-१२ कमी आलंय. हे सगळं सोप्या मराठीत कुठे मिळेल? आणि तिने डॉक्टरांना नेमकं काय विचारावं? कुणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.