मदत हवी आहे: अकीक पॉलिश करायला डायमंडचं नेमकं काय घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी घरीच अकीक आणि जॅस्परचे कॅबोशॉन (खाली सपाट, वर गोलाई दिलेले गुळगुळीत दगड) घासते. दोन्ही कठीणपणाच्या मोह्‌स मापावर 7 च्या आसपास, त्यामुळे सिलिकॉन कार्बाइडचा पेपर भराभर बोथट होतो. म्हणून आता डायमंडकडे, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या चाकांकडे, वळायचं ठरवलंय.

80 आणि 220 ग्रिटसाठी (आकडा जितका मोठा तितके कण बारीक) धातूची चाकं, पुढे 600, 1200, 3000 ला रेझिनची मऊ चाकं, एवढं पक्कं आहे, कारण कडक चाकाने गोलाईवर सपाट पट्टे पडतात. खरा पेच शेवटच्या टप्प्याचा. 3000 नंतर 14000 चं रेझिन चाक घ्यावं, की चामड्यावर 1 मायक्रॉनची पेस्ट लावावी? की तिथे डायमंड सोडून सिरियम ऑक्साइडच (पॉलिशची पावडर) बरं? आणि पेस्ट तेलातली की पाण्यातली? मी पाणी सोडूनच घासते आणि ते बंद करणार नाही, सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसांना फार घातक असते.

अजून एक: नवं 220 चं चाक सुरुवातीला असे खोल ओरखडे पाडतं की ते 600 वर निघता निघत नाहीत. टाकाऊ दगडावर घासून त्याची धार आधी थोडी मारून घ्यावी का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.